स्वरप्रेमाचा चातुर्मास

आज प्रबोधिनी एकादशी. आषाढ शुद्ध एकादशीस क्षीरसागरी शेषशय्येवर निद्रिस्त झालेले भगवान श्रीविष्णू आज कार्तिक शुद्ध एकादशीस जागृत होतात, ही आपली शास्त्रश्रद्धा घरोघरी विदित आहे. पंढरीत मात्र या श्रद्धेला एक गोड अपवाद आहे. यात्रेला आरंभ झाला, की श्रीविठ्ठलाच्या शेजघरातील पलंगच काढून ठेवतात. देवाच्या पाठीशी लोड देतात आणि अहोरात्र दर्शन सुरू राहते. म्हणजे ज्या आषाढीला सर्व जगाचा देव निजतो, त्याच आषाढीला आमचा देव निजावयाचे सोडून भक्तांसाठी उभा राहतो. पुढे यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते. देवाला ऊन पाण्याने स्नान घालतात, शीण उतरावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवितात आणि मग पलंग पुन्हा जागेवर येतो. देवालाही शीण होतो, हे पंढरीच्या लोकांनी मनापासून मान्य केले आहे.

हे सर्व आम्ही बालपणापासून पाहत आलो. तथापि त्याचा आमच्या स्वतःच्या आयुष्याशी काही संबंध असेल, असे आम्हांस कधी वाटले नव्हते. देवाच्या जागृतीविषयी आज पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळेल. आम्ही लिहिणार आहोत ते एका निराळ्या निद्रेविषयी. संगीतावरील आमचे प्रेम निजले होते, त्याविषयी.

हे प्रेम नेमके केव्हा जडले ते सांगणे कठीण. आमच्या घरी पहाटे जाते घरघरे आणि मातोश्रींच्या ओव्या चालत. जात्याचा तो अखंड घुमार हाच आम्ही ऐकलेला पहिला षड्ज. पुढे संस्कृताचे अध्ययन करू लागलो तेव्हा कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर राजाचा ‘मानसोल्लास’ हाती आला. इसवी सन ११२९ च्या सुमाराचा हा ग्रंथ. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद त्या राजाने करून ठेविली आहे. ती वाचून आमचे डोळे भरून आले. आमच्या घरातील पहाट नऊशे वर्षांपूर्वीच्या एका राजाने ऐकली होती!

वडील नारदीय परंपरेचे कीर्तनकार. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. आणि या दोहोंमधून पद, साकी, दिंडी, आर्या, कटाव यांची गुंफण. आम्ही मागे झांज घेऊन उभे राहत असू. वडिलांचा तंबोरा मिरजेचा होता. कीर्तनापूर्वी तो जुळविताना ते कोणाशी बोलत नसत. चारी तारा मिळाल्या, की खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येऊ लागतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. वडील बोट वर करून आम्हांस खुणावीत, ‘आला, ऐक.’ कोणी न छेडलेला स्वर कोठून येतो, हे गूढ आमच्या बालमनाला देवळातल्या देवाइतकेच मोठे वाटे.

घरात रेडिओ आला आणि त्या गूढाचे वेड झाले. आकाशवाणीवर १९५२ पासून शनिवारी रात्री संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम होत असे. सारे घर निजल्यावर रेडिओला कान लावून, आवाज मुंगीएवढा करून आम्ही तो ऐकत असू. विशीत पदार्पण केल्यावर एस.टी.ने मिरज गाठू लागलो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते; १९३७ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी गवई येऊन सेवा करतात. गळ्यात तुळशीची माळ घातलेले आम्ही चिंचेच्या झाडाखाली दर्ग्याच्या आवारात बसून पहाटेपर्यंत ऐकत असू. त्यात आम्हांस वा कोणास काही विपरीत वाटले नाही. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सवही तेव्हा रात्रभर चाले. पौषातल्यासारखी थंडी, अंगावर घोंगडी, आणि उत्तररात्री मालकंस सरून पहाटेचा ललित सुरू होताना पूर्वेकडे फुटणारे तांबडे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकास मनाई करणारे नियम २००० साली आले. त्यांचा हेतू योग्यच होता, त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु पहाटेचे राग पहाटे ऐकण्याचे भाग्य त्यामुळे मैफलींतून बव्हंशी गेले, हेही खरे.

तारुण्यातील प्रेमाला विवेक नसतो. आम्ही स्वतः कीर्तनास उभे राहू लागलो, तेव्हा एका गावी द्रौपदीवस्त्रहरणाचे आख्यान लावले होते. द्रौपदी कृष्णाचा धावा करते, त्या जागी आम्ही दरबारी कानड्यातील पद घेतले आणि आंदोलित गांधारावर असे काही रमलो, की अर्धा तास केव्हा गेला ते कळले नाही. तबलजीही रंगात आला होता. कीर्तन संपल्यावर बुक्का लावून घेण्यास एक वृद्ध माळकरी आजीबाई पुढे आल्या. म्हणाल्या, ‘बुवा, गाणं लई ग्वाड झालं. पन ती पोर तिकडं सभंत उभी व्हती न्हवं? तिला लुगडं द्यायला येवढा उशीर का केला?’

आजपर्यंत आमच्या कीर्तनावर इतकी मर्मभेदी टीका कोणा पंडिताने केलेली नाही. घरी येऊन वडिलांना सांगितले, तेव्हा ते पोट धरून हसले आणि म्हणाले, ‘त्या बाईंच्या पाया पडलास ना?’ आम्ही पडलो नव्हतो. ती रुखरुख अद्याप आहे.

चाळिशीत या वेडाचे रूपांतर जाणतेपणात झाले. जाणतेपण ही मोठी फसवी वस्तू आहे. कोणता गवई कोणत्या घराण्याची जागा घेतो, कोठे निषाद किंचित चढला, कोणी तालाची सम हुकविली, हे आमच्या कानास आधी ऐकू येऊ लागले, राग मागाहून. लोक आम्हांस शास्त्रीबुवा म्हणून पुढच्या बैठकीवर बसवीत आणि आमच्या मानेकडे पाहून दाद देत. मान कोठे हलवावयाची हे आम्हांस चांगले अवगत होते. ती कशासाठी हलते, हे विचारावयास मात्र आम्ही विसरलो.

पन्नाशीच्या सुमारास ते प्रेम आटले. कारण विचाराल, तर सांगता येत नाही. कोणते दुःख कोसळले नव्हते. कंठ शाबूत होता. कीर्तनाची निमंत्रणे वाढतच होती. २४ जानेवारी २०११ रोजी पंडित भीमसेन जोशी यांचे निधन झाले. ज्यांच्या स्वरासाठी आम्ही थंडीत रात्री काढल्या, ज्यांच्या अभंगवाणीने विठ्ठलाचे नाम बैठकीच्या गवयापासून बांधावरच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचविले, ते गेले. घरातील मंडळी डोळे पुसत होती. आम्ही दूरदर्शनसमोर बसून होतो आणि आपल्याला रडू यावयास हवे, एवढेच आम्हांस कळत होते. रडू आले नाही. त्या रात्री आम्हांस प्रथम भय वाटले.

कीर्तनकाराच्या बाबतीत हे भय केवळ रसिकाचे राहत नाही. आम्ही भैरवी म्हणत असू, समोरच्या मायबहिणी पदराने डोळे टिपीत, आणि आमच्या आत कोरडा ठणठणाट असे. आचार्य अभिनवगुप्तांनी नाट्यशास्त्राच्या टीकेत नटाला पात्र म्हणण्याचे मर्म उलगडले आहे. रसाचा आस्वाद प्रेक्षक घेतो. भांडे काही आतल्या पेयाची चव घेत नाही. या विवेचनाचा आम्ही काही दिवस आधार घेऊन पाहिला. परंतु व्यासपीठावरील नट आणि देवाच्या पुढे उभा राहिलेला हरिदास यांत भेद आहे. नटाने राम व्हावे अशी कोणाची अपेक्षा नसते. आमच्या पाया मात्र लोक पडत होते.

त्याहून मोठा आघात आमच्याच परंपरेच्या आद्य आचार्यांनी केला. देवर्षी नारद भक्तिसूत्रांत प्रेमाचे लक्षण सांगताना म्हणतात, की ते क्षणोक्षणी वाढत असते. मग जे घटले ते काय होते? तीस-पस्तीस वर्षे ज्याला आम्ही प्रेम समजत होतो, तो केवळ तरुण रक्ताचा ज्वर होता काय? आणि स्वराच्या बाबतीत जर असे झाले, तर ज्या विठ्ठलाचे नाव त्या स्वरांत गुंफून आम्ही आयुष्य काढले, त्याच्यावरील प्रेमाची तरी काय शाश्वती? हा प्रश्न आम्ही कोणासही विचारला नाही. वडील हयात नव्हते. पत्नीस बहुधा कळले होते. ती तंबोऱ्याची गवसणी झटकून ठेवीत असे, बोलत काही नसे.

थोरांच्या चरित्रांत काही दिलासा मिळतो का, ते आम्ही शोधू लागलो. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे वडील आमच्यासारखेच कीर्तनकार. बालपणी दारूकामाच्या अपघाताने दृष्टी अधू झालेल्या या मुलाने मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ विद्या घेतली, १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. पुढे कर्जापायी मुंबईतील विद्यालयाची वास्तू लिलावात गेली, आणि त्यांनी नाशिकास रामनामाचा आश्रय घेतला. त्यांच्या उत्तरायुष्यात रागदारी मागे पडून रामधून व तुलसीरामायण पुढे आले. पुष्कळ रसिक यास त्यांच्या कलेचा ऱ्हास म्हणतात. आम्हांस तसे म्हणवत नाही. दुसरे कुमार गंधर्व. क्षयाने पोखरलेले फुप्फुस घेऊन ते १९४८ साली देवासास आले आणि पाचेक वर्षे त्यांना गाणे वर्ज्य झाले. अंथरुणावर पडून ते माळव्यातील बायाबापड्यांची गीते आणि निर्गुणी भजने ऐकत राहिले. उठले तेव्हा त्यांचे गाणे वेगळे झाले होते. परंतु त्यांचा गळा बंद होता, कान नव्हे. आमची गत नेमकी उलटी. गळा चालत होता आणि कान बंद पडले होते.

मग आले २०२०. मार्चमध्ये मंदिर दर्शनासाठी बंद झाले. आषाढीला पालख्या चालत आल्या नाहीत. संतांच्या पादुका एस.टी.ने आल्या. चंद्रभागेचे वाळवंट रिकामे होते. कार्तिकीसही टाळ नाही, मृदंग नाही. ज्या गावी आयुष्यभर कोलाहलाची सवय, तेथे रात्री नदीचे पाणी ऐकू येई. कीर्तने थांबली. आम्हांस त्याची हळहळ वाटली नाही, उलट सुटल्यासारखे वाटले. हे लिहिताना आजही लाज वाटते.

पुढे निर्बंध उठल्यावर मंगळवेढ्याकडील एका खेड्यातून अखंड हरिनाम सप्ताहात एका कीर्तनासाठी बोलावणे आले. आम्ही नारदीय, ती मंडळी वारकरी, परंतु गावचे आमंत्रण मोडवले नाही. वाचकांस ठाऊकच आहे, की सप्ताहात विणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत. गावकरी पहारे वाटून घेतात आणि एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात विणा जातो. आमच्या मुक्कामाच्या रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याचा गडी आजारी पडला. कोणी म्हणावे म्हणून म्हणाले, ‘बुवा, आपण उभे राहता का?’

आम्ही राहिलो. आधीचा पहारेकरी विशीतला पोरगा. त्याने विणा आमच्या गळ्यात घातला, आम्ही परस्परांच्या पाया पडलो आणि तो घोंगडी ओढून तेथेच आडवा झाला. विण्याची एक तार उतरली होती. ती जुळविण्याकरिता थांबावे, तर नाद खंडित होईल. थांबता येत नाही. तेव्हा दोन तास ती उतरलेली तार छेडीत, नाम घेत, मंडपात येरझारा घालणे आले. प्रथम अर्धा तास आमच्या जाणत्या कानाने आम्हांस छळले. मग त्यास बहुधा झोप आली. पाय दुखत होते. कोपऱ्यात एक म्हातारा खोकत होता. समई मंद झाली, ती कोणी तरी येऊन सारली.

या ठिकाणी काही साक्षात्कार झाला, असे वाचकांस सांगावेसे वाटते, परंतु तसे काही झाले नाही. आनंदाच्या लहरी आल्या नाहीत. विणा चालू होता आणि तो आमच्या हातून चालू होता, इतकेच. चार वाजले. पुढचा पहारेकरी आला नाही. दहा-पंधरा मिनिटांनी तो तोंडावर पाणी मारून धावत आला आणि ओशाळून म्हणाला, ‘माफी करा महाराज, डोळा लागला.’ त्याच्या गळ्यात विणा घालताना आमच्या ध्यानात आले, की त्या दहा-पंधरा मिनिटांत आम्ही त्याची वाट पाहिली नव्हती.

घरी परतल्यावर आम्ही नारदभक्तिसूत्रे पुन्हा काढली. चौऱ्यांशी सूत्रांचा तो लहानसा ग्रंथ आम्हांस मुखोद्गत. मुखोद्गत असलेले आपण वाचीत नाही. अखेरीकडे नारदांनी आसक्तीचे अकरा प्रकार मोजले आहेत. गुणमाहात्म्याची, रूपाची, पूजेची अशा आसक्तींपासून ती मोजणी सुरू होते. दहावी तन्मयतेची. आमच्या समजुतीने तेथे गणना संपावयास हवी. तन्मय झाल्यावर उरले काय? परंतु नारद तेथे थांबत नाहीत. तन्मयतेच्या पुढे अकरावी ते मोजतात ती परमविरहाची. तीही आसक्तीच. आम्ही हे सूत्र शेकडो वेळा कीर्तनात सांगितले होते, गोपींचा दृष्टांत देऊन. आता आम्हांस शंका येते, की आपण ज्यास आटणे म्हणत होतो ते विरह तर नसेल? आटलेल्याला भय कशाचे वाटेल? भय वाटत होते, म्हणजे कोणी तरी जागे होते. हा आमचा अर्थ शास्त्रशुद्ध आहे की नाही, हे आम्ही विद्वानांवर सोडतो.

त्याच वर्षी तंबोरा घेऊन मिरजेस गेलो. तेथील सतारमेकरांच्या दुकानांत भोपळ्यांच्या राशी पडलेल्या असतात. आम्हांस कौतुक याचे, की हे कडू भोपळे आमच्याच पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरातून, भीमाकाठच्या शेतांतून तेथे जातात. वेल वाळल्यावर ते काढतात, महिनोन्‌महिने वाळवितात. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्या मानात आमच्या नदीचाही वाटा आहे असे आम्ही मनाशी धरून चाललो.

कारागिराने गवसणी काढली, तारा छेडल्या, कान जवळ नेला. मग घोडीवरून बोट फिरवीत म्हणाला, ‘बुवा, आवाज मेलेला नाही. तारांनी घोडीवर घरं केलीत, त्यांत तो अडकलाय. वाजवलेल्या तंबोऱ्याचं असं होतंच.’ तार घोडीच्या उतरत्या माथ्यावर निसटती घासते, म्हणूनच तिच्यातून नादवलय उठते. आणि त्याच घासण्याने माथ्यावर चरे पडून आवाज बसतो. त्याने कानशीने माथा अलगद घासला, पुसला, तार चढविली, पुन्हा उतरविली, पुन्हा घासला. दुपार कलली. अखेर त्याने तारेखाली सुताचा धागा सरकविला आणि तार एकाएकी उघडी बोलू लागली. जवारी लागली. आम्ही डोळे मिटून बसलो होतो. काही वेळाने आमच्या उजव्या हाताचे बोट आपोआप वर गेले, वडिलांचे जात असे तसे. गांधार आला होता.

तेव्हापासून आम्ही पुन्हा ऐकतो आहोत. पूर्वीचे वेड नाही. रात्रभर बसवत नाही, आणि बसविले तरी डुलकी लागते. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास राहून तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने स्वर सांगण्याआधी गर्भापासून मनुष्यदेहाची उत्पत्ती वर्णिली आहे. तरुणपणी ते प्रकरण आम्हांस अस्थानी वाटे. आम्ही पाने उलटून पुढे श्रुतींकडे धाव घेत असू. आता ते सावकाश वाचतो. नाद देहातून उठावयाचा, तर देह जितका थकेल तितका तोही थकणारच, हे त्याने ग्रंथारंभीच सुचवून ठेविले होते, असे आम्हांस वाटते.

कोजागरीपासून गावोगावी काकडा सुरू आहे. आमच्या गल्लीतील मंडळी पहाटे चारला जमतात. पेटी थोडी बेसूर आहे आणि भूपाळ्या म्हणणाऱ्या काकांचा धैवत रोज निराळा लागतो. आम्ही मागे झांज धरून बसतो. काल त्यांनी आम्हांस पुढे येऊन एक पद म्हणण्याचा आग्रह केला. म्हटले, गुरुवारपर्यंत थांबा, घसा बसला आहे. घसा खरोखरच बसला आहे. सुंठ-गवती चहाचा काढा चालू आहे.

आणखी काही दिवसांनी यात्रा पांगेल, वाळवंटातील राहुट्या उठतील, प्रक्षाळपूजा होईल. देवाचा काढा झाला, की पलंग पुन्हा शेजघरात येईल आणि शेजारतीस गावातील नेहमीची मंडळी तेवढी उरतील. त्या रात्री आमच्या घरी तंबोरा जुळवून ठेवण्याचा बेत आहे. पत्नी म्हणते, या खेपेस पंचमाची तार तिला जुळवावयाची आहे.